दिवा गप करणारे

अप्पा,

तुमची खुशाली विचारायला हे लिहीत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज एव्हाना विसरायला हवा होता, आणि मी तो बऱ्यापैकी विसरलोही होतो. पण दिवाळीच्या आधी होटगी रोडवरच्या एका गॅरेजात माझा मुलगा मेकॅनिकला म्हणाला, "काय बी करा, दिवा तेवढा गप करून द्या," आणि मला वाटलं तुम्हीच माझ्या पाठीमागे उभे आहात. तो तुमचा शब्द. तुम्ही कानडीत म्हणायचात, "सुम्न कूड." गप बस. अव्वाला म्हणजे माझ्या आईला, मला, दारातल्या कुत्र्याला आणि विणायच्या मागाला, सगळ्यांना एकच शब्द. त्या दिवसापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतोय. रात्री झोप लागत नाही, दिवसा जेवण गोड लागत नाही. म्हणून म्हटलं, एकदा कागदावर भांडून टाकावं. सातवीतून शाळा सोडवून तुम्ही मला मागावर उभं केलंत, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकेल. चुकू दे. तुम्हाला तरी कुठे वाचता येत होतं.

आमच्याकडे आता गाडी आहे. मुलाने जुनीच घेतली, पण गाडी आहे. तुम्हाला कळेल असं सांगतो. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जी जागा असते, त्या सीटच्या कापडाखाली एक पापडासारखी पातळ चटई असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर माणसाचा भार आला की गाडीला कळतं, इथे कुणीतरी बसलंय. त्या माणसाने पट्टा लावला नाही तर घंटा वाजते. आणि कुठे धडक बसलीच, तर समोरून एक फुगा क्षणात उघडतो आणि माणसाचं तोंड-छाती वाचवतो. आमच्या गाडीत त्या बाजूचा फुगा कधी उघडायचा हेही त्या चटईच्या सांगण्यावर ठरतं. त्या जागेवर माझी बायको बसते. तिचा उजवा गुडघा वाकत नाही. मागच्या सीटवर तिला पाय घालता येत नाही, पुढेच सीट मागे सरकवून बसावं लागतं. म्हणजे ती चटई माझ्या बायकोसाठी जागी आहे, असं मी धरून चाललो होतो.

ती बिघडली तुमच्यामुळे. हसू नका, खरंच तुमच्यामुळे. दसऱ्याला गाडीची पूजा होती. बायको म्हणाली, गाडीतला पहिला मान घरातल्या मोठ्यांचा. तिने भिंतीवरचा तुमचा फोटो काढला, पुसला आणि पुढच्या सीटवर टेकवून ठेवला. हार घातला, भस्म लावलं. मुलाने किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं. घंटा वाजली नाही. गाडीला तुम्ही माणूस वाटला नाहीत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग बायको ओवाळायला वाकली, गुडघ्याने दगा दिला, आणि फोटोपुढचा तांब्या सगळाच्या सगळा सीटवर लवंडला. हळदीचं पाणी शिवणीतून आत गेलं. ती पदराने टिपत म्हणाली, "जाऊ द्या, मामंजींची आंघोळ झाली." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला पाणी आत जाताना दिसलं होतं. चार दिवसांनी समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोळा, असं त्याचं चित्र आहे. गाडी बंद करून चालू केली तरी तो जाईना.

गॅरेजवाला वाईट माणूस नाही. तोंडात सुपारी, हाताला ग्रीस, बोलायला गोड. त्याने यंत्र लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, सीटचा सेन्सर गेलाय. नवीन टाकायचा म्हणला तर पार्ट पुण्यावरनं मागवावा लागतंय, सीट उघडावी लागतीय, गाडी आठवडाभर हितंच. न्हायतर एक बारका प्लग हाय. सीटखाली वायरीला जोडला की गाडीला वाटतंय सेन्सर ठीक हाय. दिवा जातोय. तुमचा चहा पिऊन होईस्तवर करून देतो."

मी विचारलं, "आन् फुगा?"

"फुगा काय, उघडंल की."

"उघडंल, का उघडंल की?"

ह्या 'की'ला मी जन्मभर ओळखतो. आपल्या सोलापुरात ज्याची खात्री नाही, त्याच्या शेपटीला माणूस 'की' लावतो. येतो की. देतो की. हुईल की. तुमचं अख्खं आयुष्य त्या 'की'वर गेलं. मुलगा मध्येच म्हणाला, "अण्णा, लई डोकं लावू नका. समदे डायरेक्टच करत्यात."

"समद्यांच्या म्हाताऱ्या पुढं बसत न्हाईत."

"मग आईला मागं बसवा."

"तिचा पाय तू कापून देतोस का?"

गॅरेजातली माणसं काम थांबवून बघायला लागली. मुलाला लाज वाटली. तो टॉवेलची गाठोडी घेऊन नव्या पेठेतल्या दुकानांना माल पोचवतो, गाडी आठवडाभर अडकली की त्याचा धंदा अडतो, हे मला कळत नाही असं नाही. पण तो म्हणाला, "सातवी शिकलेल्या माणसानं कंप्युटरच्या गाडीत बोट घालू ने." तेव्हा मी त्याच्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि म्हणालो, "सातवी कुणामुळं ते तुझ्या आज्ज्याला विचार." आज्ज्याला म्हणजे तुम्हाला. त्याने तुम्हाला बघितलेलं नाही. त्याला तुम्ही म्हणजे भिंतीवरचा फेटेवाला म्हातारा.

त्याला मी मग गाडीत बसवून सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की मी गाडीत नाही, आपल्या पुढच्या खोलीतच आहे. दोन माग आहेत, एकावर तुम्ही, एकावर मी. माझं लग्न ठरलेलं आहे, मिसरूड फुटलंय, तरी तुमच्यासमोर मान वर करायची सोय नाही. दाराशी अव्वा चाकावर कांड्या भरत बसलीय, धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो, ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून पळतो आणि समोरच्या पेटीत जाऊन बसतो. नाही बसला, तर खालचा लोखंडी दांडा अडतो आणि माग धाडकन जागेवर थांबतो. तो दांडा म्हणजे मागाची शुद्ध. धोटा वाटेत अडकलाय, थांब, एवढंच तो सांगतो. तुमच्या मागाची पेटी झिजली होती. धोटा आत जाऊन परत उसळायचा. माग घडीघडीला थांबायचा. मी म्हणालो, "अप्पा, पेटी बदलू, सुतार बोलवू." तुम्ही म्हणालात, "पेटी बदलायला माग बंद ठेवायचा? आन् तोवर काय वारा विणायचा?" मग तुम्ही तार आणलीत आणि तो दांडा वर उचलून बांधून टाकलात. मागाच्या लाकडावर थाप मारून म्हणालात, "सुम्न कूड." आणि माग खरंच गप बसला. म्हणजे थांबायचा बंद झाला. धोटा पोचो, न पोचो, माग आपला चालतोच आहे. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. ते हसू मला अजून दिसतं. शहाण्याला येडं केल्याचं हसू.

किती दिवस चाललं ते आठवत नाही. चाललं हे खरं. आणि मग एका दुपारी धोटा वाटेत अडकतो, दांडा अडत नाही, धागा ठोकणारी फणी येऊन त्याच्यावर आदळते, आणि धोटा खोलीतून सुटतो. त्याचं लोखंडी टोक अव्वाच्या डाव्या डोळ्यात जातं. ती ओरडली नाही. चाक फिरवायचा हात तसाच फिरत राहिला. मी माझा माग टाकून धावलो. तुम्ही मोटरचा पट्टा सोडवून माग बंद केलात आणि पहिलं वाक्य बोललात ते हे: "ताणा तुटला काय बघ."

अप्पा, मी ह्या वाक्याला पन्नास बाजूंनी उलटून बघितलंय. माणूस घाबरला की तोंडात येईल ते बोलतो, असं माझी बायको म्हणते. असेल. मग तुमच्या तोंडात आधी ताणा का आला? दवाखान्यातून मी आणि शेजारचा, आम्ही दोघे तिला घेऊन परत आलो, तिच्या तोंडाला अर्धी पट्टी. शेजारपाजारचे बघायला जमले होते. मी पहिल्यांदा मागाखाली बघितलं. तार नव्हती. दांडा मोकळा, आपल्या जागी, जसा काही कधी बांधलाच नव्हता. तुम्ही लोकांना सांगत होता, "धोटा हाय, कुणाचा बी उडतोय. तिचं नशीब." आणि तुमच्या बंडीच्या खिशातून तारेचं टोक बाहेर आलेलं होतं. मी बोललो नाही. पण ते बघितलं होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

पुढे अव्वा चहा ओतायची तो कपाच्या बाहेर पडायचा. एका डोळ्याने लांब-जवळ कळत नाही. ती कपात बोट बुडवून, बोटाला चटका बसला की थांबायची, असं शिकली. तुम्ही म्हणायचात, "नीट वत की." तेव्हासुद्धा 'की'.

हे ऐकून मुलगा गप झाला, पण पटल्यामुळे नाही, कंटाळून. घरी आलो. मी गाडीची किल्ली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवली. मग माझी आणि बायकोची जुंपली. तिला अक्कलकोटला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, बहीण आजारी होती. "लाल दिवा लागला म्हणून काय झालं? गाडी चालतीय न्हवं? तुमच्या डोक्यात तर रोजच दिवा लागलेला असतोय." मी म्हणालो, रिक्षाने एस्टी स्टँडवर जाऊ. ती म्हणाली, "एस्टीची पायरी तुमी चढवणार का मला खांद्यावर घेऊन?" मला रात्रंदिवस तीच चित्रं दिसत होती. ट्रक येतो, फुगा उघडत नाही, तिचा चष्मा, तिचं तोंड. मी गॅसचं बटण उठून उठून बघणारा माणूस, माझं डोकं असंच आहे, आणि ते असं कुणी केलं हेही तुम्हाला माहीत आहे. शेवटी मुलाने भाकरी करायला डबा उघडणाऱ्या आपल्या आईकडूनच किल्ली मिळवली आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, चालला प्लग बसवायला. तो म्हणाला, "नवीनच टाकू. पण गॅरेजात जाऊन तुमी बसायचं. माझ्यानं त्या माणसाला तोंड दाखवणं हुणार न्हाई."

मी बसलो. पार्ट आला त्या दिवशी सकाळीच जाऊन स्टुलावर बसलो. गॅरेजवाला म्हणाला, "काका, तुमी हितं बसून माझ्या हाताकडं बघू नका, माझा हात थरथरतोय." मी म्हणालो, थरथरू दे. त्याने सीट बाहेर काढली, कापड सोललं, जुनी चटई माझ्या हातात दिली. आतल्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या, एका बाजूला हळदीचा डाग. तुमच्या आंघोळीचा. नवी बसवून, यंत्र लावून त्याने काहीतरी जुळवलं आणि मला म्हणाला, "बसा आता." मी बसलो, घंटा वाजायला लागली. उठलो, बंद झाली. परत बसलो. पाच-सहा वेळा केलं. तो म्हणाला, "झालं का समाधान? माणूस वळीखती आता गाडी." लाल दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि आपणहून जातो. प्लग लावला असता तरी तो गेलाच असता. समोरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं असतं. हीच तर तुमच्यासारख्यांची कमाई असते.

रविवारी आम्ही अक्कलकोटला निघालो. मुलगा चालवतोय, बायको पुढे, मी मागे, मांडीवर शेंगाचटणीचा डबा. घंटा वाजत नाही. मी मनात म्हणतोय, बघा अप्पा, आज तुम्ही हरलात. वळसंगच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आपटली, बायको थोडी पुढे आली, आणि मला दिसलं की पट्टा तिच्या पाठीमागून गेलाय. खाली कुलपात नीट अडकवलेला, आणि ती त्याच्यापुढे मोकळी बसलेली. गाडीला वाटतंय पट्टा लावलाय. घंटा गप.

मी ओरडलो, "थांबव गाडी!" मुलाने घाबरून एका लिंबाखाली थांबवली. बायको म्हणाली, "ह्याला बोलू नका. मीच लावते आसा. पयल्यापास्नं. गळ्याला कापतंय ते, गुदमरतंय मला."

"मग सेन्सर कशाला बदलला मी?"

"तुमाला हौस."

मुलगा स्टिअरिंगवर कपाळ टेकवून हसत होता. मला रडू येत होतं. मी परत तुमचं पुराण काढलं, तार, दांडा, धोटा, ताणा. तिने सगळं ऐकून घेतलं नाही. मध्येच म्हणाली, "माहितीय मला. अत्तीनं मला सांगितलंय. तार कुणी दिली ते बी सांगितलंय." सासूला ती अत्ती म्हणायची. मुलाने हसणं थांबवून आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

कारण ते मला माहीत आहे, अप्पा. शेवटच्या आजारात अव्वा मला म्हणाली होती. ती बाजेवर पडून होती, मी तिच्या पायाशी बसलो होतो. ती म्हणाली, "तार मीच काढून दिली रे. कांड्यांच्या टोपलीची. माग थांबला की तुझा अप्पा शिव्या द्यायचा, दिवसभर. ऐकवायचं न्हाई मला." आणि मी तिला काय म्हणालो? "सुम्न कूड, अव्वा." त्या आधी हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नव्हता. ती गप बसली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. मला वाटलं, मरताना नवऱ्याची बाजू घेतेय. आता वाटतं, खरंच दिली असेल. पण त्याने तुमचं काही सुटत नाही, हे नीट ऐका. तिने ती तार मागाला गप करायला दिली नव्हती, तुम्हाला गप करायला दिली होती. तुमच्यावर बांधायची ती तुम्ही मागावर बांधलीत. मी तुम्हाला माफ करावं म्हणून ती बोलली असेल, तर तिला सांगा, तुमची गाठ पडत असेल तर, की मला जमलं नाही.

लिंबाखाली बराच वेळ गेला. शेवटी बायकोने पट्टा ओढून पुढून घेतला, गळ्यापाशी टॉवेलची घडी ठेवली, आणि म्हणाली, "लावते. पण आता अक्कलकोट येईस्तवर तोंडातनं एक शब्द काढायचा न्हाई." मी काढला नाही. येताना तिने न सांगता तसाच लावला. मी मागून तिच्या खांद्यावरची ती काळी पट्टी बघत होतो, घर येईपर्यंत.

हे पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही ते कुणाकडून तरी वाचून घेऊन मध्येच "सुम्न कूड" म्हणाला असतात. कागद फाडून बंबात घालणार आहे. पण फाडण्याआधी एक लिहून ठेवतो, जे मुलाला आणि बायकोला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. बायकोची मान मागे वळत नाही, आणि मुलाचं लक्ष रस्त्यावर होतं. मागच्या सीटलाही पट्टा आहे. जाताना मी तो लावला नव्हता, येतानाही नाही. मागे कुणी बसलंय की नाही, हे आमच्या गाडीला कळत नाही.